भरलेलं घरटं

लेकाचं वागणं म्हाताऱ्या थोरलीला पटत नव्हतं, आणि न पटलेलं पोटात ठेवणं तिच्या रक्तातच नव्हतं. सून वारून तीन महिने झाले. तेव्हापासून हा गडी शेतावरून येई, दूध, फळं, खाऊची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवी आणि आल्या पावली गोठा गाठी. दोन वर्षांची पोर आत बसलेली, तिच्याकडे नजर नाही. पोरीचे डोळे आईचे होते, तिथंच घोडं अडलं होतं. थोरली शेजारणींना सांगे, दाणे टाकून जातो, कोंबड्याच पाळल्यात जणू.

नात थोरलीच्या हातून घास घेत नव्हती, तोंड भिंतीकडे फिरवी. सून होती तोवर थोरलीच्या जिभेला रोज तिच्यावरच धार लागे, आणि लेकरू आईच्या कडेवरून सगळं ऐके. थोरलीला हे कळत होतं, पण कबूल कोण करणार? पोरीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. दवाखान्यातली बाई म्हणाली, ही औषधानं नाही, घासानं जगेल.

त्यात अंगणाच्या कडेला उंच झाडावर घारीचं घरटं. लेकानं कोठारात उंदरांसाठी विष ठेवलं होतं. मरायला टेकलेला एक उंदीर मादीनं उचलला आणि दुसऱ्या दिवशी ती पंख पसरून अंगणात मरून पडली. लेकानं मुकाट्यानं खड्डा खणला. मग रोज भर दुपारी, माती तापून भेगाळलेली, वारा पडलेला, अशात वरून पिल्लांची बारीक शिट्टीसारखी हाक येई. ती आली की नात दाराकडे बघे, कुणी यायचं असल्यासारखी. थोरलीच्या अंगावर काटा येई. सुनेच्या खोलीची कडी तिनं दोनदा लावली, दोनदा निघालेली दिसली.

नर तर दिवसभर पंजात काहीबाही आणतच होता. मग पिल्लं रडतात कशाला? एके दिवशी दोन आवाजांतला एक बंद झाला, तेव्हा थोरलीनं झाडतोड्याला वर चढवलं.

"आजी, इथं तर कोठार भरलंय," तो वरून म्हणाला. "उंदीर, सरडे, मासा, सगळं अख्खंच्या अख्खं. नुसता वास सुटलाय. एक पिल्लू त्याच ढिगावर मेलंय."

दुसरं त्यानं पोत्यात घालून खाली आणलं. अंगावर कापसासारखी लव, चोच उघडी. तो सांगू लागला, नर आणतो, पण फाडून भरवते ती मादी. एवढ्याशा जिवाला अख्खा उंदीर कसा फाडता येणार?

थोरलीनं कोंबडीच्या मांसाचा तुकडा आणला, बोटांनी बारीक तोडला, चोचीशी धरला. पिल्लानं गिळला. दुसरा गिळला. नात सरपटत जवळ आली. पिल्लाची चोच उघडली तसं तिचंही तोंड उघडलं. थोरलीनं चटकन हात धुऊन दुधात भिजवलेला घास पुढं केला. नातीचं तोंड मिटलं.

तेवढ्यात लेक आला. पिशवी ठेवली, वळला.

"थांब," थोरली म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्या नराला भरवता येत नव्हतं, पाखराची जात ती. तुला दहा बोटं दिलीत. माझ्या हातचं ती खाणार नाही, तिच्या आईला मी छळलं ते तिनं पाहिलंय. ते माझं पाप, मी भोगीन. पण ही गेली तर आईविना गेली म्हणू देणार नाही मी कुणाला. भरल्या घरात बापानं उपाशी मारली, असंच सांगेन. हात धू आणि बस तिच्यासमोर."