टोकियोचा अर्धा तास

रामबाई काकींनी मला चोर म्हटलं तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या दुकानांची शटरं वर गेली होती. शटरं खाली असताना म्हटलं असतं तर एक वेळ मी गिळलं असतं.

"माह्या नवऱ्याच्या घडीतली असली मशीन काढून घेतली यानं! नकली टाकून देली!"

काकी दवनीवाड्याच्या. धानाच्या एका बांधावरून तिसऱ्या बांधाला हाक मारायची सवय. बाजारातही आवाज तोच. समोरच्या मोबाईलवाल्या भुपेंद्रनं मान बाहेर काढली ती आत घेतलीच नाही.

"काकी, मी कशाला मशीन बदलू?" मी म्हणालो.

"सोन्याची घडी पाहून मन फिरलं तुहं, दुसरं काय! परवा येतो मी दुर्गेशले घेऊन. असली मशीन काढून ठेव." घड्याळ माझ्या टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

गोंदियातलं हे दुकान माझ्या वडिलांनी, बिसरामजींनी, टाकलं. आता घड्याळं कुणी दुरुस्त करत नाही, सेल बदलतात. जी थोडी जुनी माणसं चावीची घड्याळं घेऊन अजून माझ्याकडे येतात, ती एकाच भरवशावर : हिरालाल पार्ट बदलत नाही. तो भरवसा गेला की मी भुपेंद्रकडे मोबाईलला काच चिकटवायला मोकळा.

आणि घड्याळ तरी कसलं! काकींचे यजमान मनोहरलालजी तरुणपणी शेती भावांवर टाकून जहाजावर स्वयंपाकी झाले होते. त्यांनी नोकरी सोडली तेव्हा कप्तानानं आपल्या हातातलं काढून त्यांना दिलं. सोन्याचं, पातळ, आणि असं की मी आजवर फक्त चित्रात पाहिलेलं. काट्यांच्या बाहेर चोवीस तासांचं एक कडं, त्याच्या बाहेर शहरांच्या नावांचं दुसरं : लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, बॉम्बे. आपलं शहर वर बाराच्या जागी आणायचं, की प्रत्येक शहरासमोर तिथला तास दिसतो. देशोदेशी फिरणाऱ्यांसाठीच केलेलं. मनोहरलालजी गेल्यापासून ते पेटीत बंद पडून होतं. काकींना आताच त्याची आठवण झाली, कारण त्यांची नात रुचिका नर्स होऊन टोकियोला गेली होती.

"रोज फोन करतो न् रोज झोपेतून उठवतो मी त्या पोरीले," घड्याळ देताना त्या म्हणाल्या होत्या. "आता घडी पाहूनच फोन करीन."

पंधरा दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. ते चाललं त्या दिवशी शेजारच्या चार दुकानदारांना मी चहा पाजला. आणि आता हे! काकींच्या घड्याळात टोकियोला तीन वाजले होते आणि तिकडून रुचिका म्हणाली, आजी, अडीच वाजलेत.

दोन दिवस मी ते घड्याळ मोबाईलशी ताडून पाहत होतो. दिवसभरात एक मिनिट मागेपुढे होईना. घरी बायकोनं हळूच विचारलं, "तुमच्याच हातून काही चुकलं तर नाही ना?" परक्यानं म्हणावं ते घरचीनंही म्हणावं? मी ताट सरकवून उठलो. पण खरं सांगतो, मलाही भीती वाटायला लागली होती.

कबूल केल्याप्रमाणे काकी आल्या. मागे त्यांचा मुलगा दुर्गेश, त्याच्या मागे अर्धी गल्ली.

"लावा रुचिकाला फोन," मी म्हणालो. "होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर."

दुर्गेशनं व्हिडिओ कॉल लावला. इथे अकरा वाजले होते. घड्याळात टोकियो तीन. रुचिकानं तिच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलं : अडीच.

"पाह्यलं?" काकी गर्दीकडे वळल्या. भुपेंद्र गालात हसला.

त्या हसण्यानं माझं डोकं तडकलं, आणि तडकलं ते बरंच झालं. बिघडलेलं घड्याळ सात मिनिटं चुकेल, एकोणीस मिनिटं चुकेल. दोनदा नेमका अर्धा तास कसं चुकेल?

"बेटा रुचिका, मोबाईलवर बघ, लंडनला किती वाजले?"

"सकाळचे साडेपाच, काका."

घड्याळात सहा.

"न्यूयॉर्क?"

"रात्रीचे साडेबारा."

घड्याळात एक. सगळीकडे तोच अर्धा तास! मी खाली बसलो आणि कपाळावर हात मारून घेतला. कड्यावर आकडे फक्त पूर्ण तासांचे होते. आपला देश लंडनच्या साडेपाच तास पुढे. तो वरचा अर्धा तास घड्याळ बनवणाऱ्यानं धरलाच नव्हता, बॉम्बे पाचच तास पुढे ठेवलं होतं. मापावर पूर्ण लिटरच्याच खुणा असतील तर साडेपाच कुठे दिसणार?

मी सगळ्यांच्या देखत काटे अर्धा तास मागे घेतले. टोकियो अडीच. लंडन साडेपाच. न्यूयॉर्क साडेबारा. रुचिका तिकडून टाळ्या वाजवायला लागली.

दुर्गेशनं घड्याळ हातात घेऊन निरखलं. "पण आता इथं साडेदहा दाखवून राहिली ना. आपलाच टाइम चुकला."

"चुकू दे!" काकी म्हणाल्या. "गोंदियाचा टाइम मले कायले पायजे? इथं दिवस दिसते न् रात दिसते. मले त माह्या पोरीचा टाइम पायजे."

त्यांनी घड्याळ पदरानं पुसून मनगटावर बांधलं. मग पायऱ्या उतरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, निघाल्या. माफी मागणं जमत नाही माणसाला, जाऊ द्या.

"आयका रे सगळे!" त्या ओरडल्या. भाजीवाला थांबला, रिक्षावाल्यानं गाडी बंद केली. "परवा मी हिरालालले चोर म्हटली. खोटं बोलली मी! मशीन असलीच हाय. मले समजत नव्हतं न् मी एका सच्च्या माणसाचं नाव खराब केलं. ज्यानं परवा आयकलं, त्यानं हेही आयकून घरी जाऊन सांगा!" आणि भुपेंद्रकडे बोट करून, "तू काऊन दात काढून राहिला होता बे? तू आधी सांग!"

भुपेंद्रची मान आत गेली.

दोन दिवस मी काकींसाठी एक उत्तर घोळवून ठेवलं होतं. चांगलं झणझणीत, त्यांच्या सात पिढ्यांना पुरेल असं. त्यातला एकही शब्द आठवेना. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि त्याच्याबरोबर सगळा राग कुठल्या कुठे गेला होता.

"काकी, उन्हात उभ्या राहू नका," मी म्हणालो. "आत या. चहा मागवतो."