पाणी ऐकणारी कांडी

मी एक कांडी आहे. जादूची नाही, त्यामुळे माझ्याकडून ससे-कबुतरांची अपेक्षा ठेवू नका. छातीला लागेल एवढी लोखंडी सळई आणि तिच्या डोक्यावर बसवलेली छोटी लाकडी वाटी, एवढाच माझा देह. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, की जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते मी सांगते.

मला लोहाराने घडवलं आणि वाटी सुताराने बसवली. मी नेमकी कशासाठी आहे, हे दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. "काठी म्हणावी तर डोक्यावर वाटी, वाटी म्हणावी तर खाली काठी," सुतार म्हणाला होता. माझा पहिला मालक निवृत्त झाला आणि जाताना त्याने मला आपल्या हाताखालच्या माणसाला देऊन टाकलं. या दुसऱ्या मालकाला पाणीखात्यात सगळे 'कानसेन' म्हणतात. ऐकताना तो जिभेचं टोक दातांत धरतो. कामावरून आला की मला दाराशी, चपलांच्या शेजारी उभी करतो. तिथून घर छान दिसतं.

यंदा त्याला दूरच्या गावी बदली देऊ केली. बढतीही होती. शुक्रवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. म्हणून तो रोज सकाळी कोपऱ्यात डोळे मिटून बसू लागला. देवाशी तो मोठ्याने बोलतो, त्यामुळे मला सगळं कळायचं.

"देवा, जाऊ की नको? स्पष्ट सांग."

की लगेच कुकरची शिट्टी! मग फोन थरथरायचा. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडायला घ्यायचं.

"झालं का बोलून?" बायको आतून विचारायची.

"अगं, तिकडून काही येतच नाही."

"तुम्ही गप्प बसाल तेव्हा ना येईल!"

आणि या सगळ्या गोंधळात त्याला ताई आठवायची. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. दोन वर्षांपूर्वी भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, तो तिला म्हणाला होता, "माझ्या घरात लुडबुड करू नकोस." ताईने अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला, चपला घातल्या आणि ती गेली. चपला घालताना तिचा हात माझ्यावर टेकला होता. तेव्हापासून ना तिचा फोन, ना याचा. आता हा गाव सोडून गेला असता, तर ते तसंच राहिलं असतं.

पण तो म्हणायचा, "ताईचं नंतर बघू, देवा. आधी बदलीचं सांग."

गुरुवारी आम्ही एका लाँड्रीपाशी गेलो. दुकानाची फरशी ओली, भिंत ओली आणि मालक तापलेला.

"कपडे वाळवू की दुकान वाळवू? अहो, काही ऐकू येतंय का, की डुलकी लागली?"

"घ्या, तुम्हीच ऐका," कानसेनने मला पुढे केलं.

लाँड्रीवाल्याने कान लावला. "बस ऐकू येतेय. कुणाच्या तरी टाचा वाजतायत. ही माझी बायको ओरडतेय, पण ती कांडीशिवायही ऐकू येते."

"येतं-जातं ते सोडून द्या. बस जाईल, टाचा जातील."

"आणि बायको?"

"त्याही दमतील कधीतरी. सगळं येऊन गेलं की मागे एक बारीक आवाज राहतो. वाढत नाही, थांबतही नाही. तेच तुमचं पाणी."

लाँड्रीवाला बराच वेळ वाकून राहिला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "अरेच्चा! आहे की! हे मघापासून होतं?"

"मघापासून कसलं, किती दिवस असेल. ओरडत नाही, म्हणून आपण…"

कानसेनचं वाक्य तिथेच अडलं. माझ्यावरची त्याची पकड सैल झाली. त्याने खडूने जागेवर खूण केली, खोदणाऱ्यांना फोन केला आणि घराच्या नाही, उलट्या दिशेच्या बसमध्ये चढला. खिडकीशी बसून तो पुटपुटला, "म्हणजे देवा, तू बोलतच होतास. मी बदलीचं विचारत होतो आणि तू भलतंच उत्तर देत होतास."

ताईने दार उघडलं. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझ्याकडे काही गळत नाहीये."

"ठाऊक आहे. ताई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो. चुकलं माझं."

ताईचा हात दारावरच होता. मला वाटलं, दार लावतेय आता.

"बोलताना सगळ्यांसमोर, आणि माफी मागताना कुजबुज?"

"मग काय जिन्यात उभा राहून ओरडू?"

"ओरड."

आणि तो खरंच ओरडला! "ताई, मी चुकलो!" वरची-खालची दारं उघडली. एका आजोबांनी तर "कोण चुकलं? कोण चुकलं?" म्हणून विचारलं. ताईने कानसेनचा कान पकडला आणि त्याला आत ओढलं; जाता जाता त्याने मला दाराआड टेकवलं. हसत होती की रडत होती, मला दाराआडून नीट दिसलं नाही.

तो खरंच देवाचा आवाज होता का, हे मी लोखंडाच्या जातीने काय सांगावं? पण आवाज न चढवता जे दोन वर्षं टिकून राहिलं, ते बसचं किंवा फोनचं नव्हतं, एवढं मला नक्की कळतं. बदलीबद्दल मात्र वरून काहीच आलं नाही. ते त्याने आणि बायकोने बसून ठरवलं, आणि दोघं गेली.

मी इथेच आहे, ताईच्या दाराआड, छत्रीच्या शेजारी. त्या दिवशी कानसेन मला विसरून गेला. नव्या गावात त्याला गळती ऐकायचं, कानाला लावायचं यंत्र मिळालंय म्हणे. तरी तो मधूनमधून मला न्यायला येतो. "कांडी राहिलीय गं," म्हणत आत शिरतो, दिवसभर ताईशी गप्पा मारतो आणि संध्याकाळी पुन्हा मला विसरून जातो.

तेव्हा एकच विनंती आहे. तो तुम्हाला बसमध्ये कधी भेटलाच, तर कृपा करून त्याला माझी आठवण करून देऊ नका.