कौदी पुरी होईपर्यंत

वच्छलानं लुगड्याचा पदर पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरला आणि कात्री चालवली. इरकली कापड इतकं विरलं होतं की कात्रीचा आवाजही झाला नाही. समोर गौरा उकिडवी बसून बघत होती. सहा वर्षांची पोर. हनुवटी गुडघ्यावर टेकवलेली आणि डोळे कात्रीच्या टोकावर.

"लई बारीक करू नको," गौरा म्हणाली.

"न्हाय करत. माझ्या हाताएवढा तुकडा ठेवते. हे बघ."

लुगडं गौराच्या आईचं, महादेवीचं. दुष्काळाच्या साली काविळीनं ती गेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून गौरा ते लुगडं पोटाशी घेऊन झोपायची. नऊ महिन्यांपूर्वी वच्छला दुसरेपणावर लग्न होऊन नातेपुत्याहून सोलापुरातल्या या गिरणीच्या चाळीत आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला कुणीतरी सांगितलं होतं, त्या लुगड्याला हात लावू नको. तिनं लावला नव्हता. दर धुण्याला त्यात एक नवी चीर पडलेली तिला दिसायची, पण ती गप्प राहायची. गेल्या आठवड्यात झोपेत पाय अडकून लुगडं मधोमध फाटलं आणि सकाळी गौराच ते घेऊन रडत तिच्यापाशी आली.

"शिवून दे."

"शिवून टिकायचं न्हाय गं. दुसरीकडं फाटंल. ह्याची वाकळ करू. मग कितीबी ओढ, फाटायची न्हाय."

गौरानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "कर. पण माझ्यासमोर कर."

म्हणून शनिवारी शाळा सकाळची होती तो दिवस वच्छलानं धरला. खाली एक विटलेली सोलापुरी चादर अंथरली, तिच्यावर नवऱ्याचं जुनं धोतर दुहेरी करून पसरलं, आणि वरच्या थरासाठी लुगडं कापायला घेतलं. निम्मं कापून झालं तोच बाहेर वहाणा काढल्याचा आणि कसलं तरी पत्र्याचं भांडं आदळल्यासारखा आवाज झाला.

दारात निंगव्वा उभी होती. महादेवीची आई. कपाळाला विभूतीचे पट्टे, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी. पेटी ज्या आवाजात उंबऱ्याला लागली त्यावरून ती रिकामी आहे हे वच्छलाला कळलं, आणि ती कशासाठी आणली आहे हेही कळलं.

गौरा धावत जाऊन आजीच्या कमरेला बिलगली. निंगव्वाचा हात तिच्या डोक्यावर होता, नजर मात्र जमिनीवरच्या तुकड्यांवर.

"हे महादेवीचं हाय," ती म्हणाली.

"व्हय."

"कुणी सांगितलं कापाया?"

"कुणी न्हाय," वच्छला उठून उभी राहिली. कात्री कुठं ठेवावी ते तिला सुचेना. "मीच कापलं."

निंगव्वानं पिशवी खाली ठेवली. तिनं पाय धुतले, पाणी प्यायली, भिंतीला टेकून बसली. गौरा तिच्या मांडीवर चढून कानडीत घडाघडा बोलू लागली. वच्छलाला कानडी येत नव्हती. तिच्या माहेरी सगळे लिंगायतच, पण घरात मराठी. इथं नवरा आणि लेक एकमेकांशी कानडीत बोलायचे आणि तिच्याकडे वळले की मराठीत. ऐकून ऐकून तिला पाच-पंचवीस शब्द समजू लागले होते. त्यातला सगळ्यात ओळखीचा शब्द 'ओल्ले'. नको, मी नाही. पहिले दोन महिने गौरानं तिला दुसरं काही ऐकवलंच नव्हतं. जेवायला ओल्ले, वेणी घालायला ओल्ले, जवळ यायला ओल्ले. मग कधीतरी पावसाळ्यात ती 'चिक्कव्वा' म्हणू लागली, म्हणजे धाकटी आई, आणि ओल्ले कमी कमी होत गेलं.

साडेतीनला गिरणीची पाळी सुटली आणि तिचा नवरा शिवयोगी घरी आला. सासूला बघून पाया पडला. चहा झाला. निंगव्वाच्या गावच्या, मैंदर्गीच्या ज्वारीची, अक्कलकोटला चुकलेल्या एसटीची चौकशी झाली. मग निंगव्वा म्हणाली, "उद्या दुपारच्या गाडीनं निघतो आमी. पत्रात तू लिवलं तसं."

"बरं," शिवयोगी म्हणाला. त्यानं वच्छलाकडे पाहिलं. ती कपबशा उचलत होती.

पत्र तिच्यासमोरच लिहिलं होतं. लग्न ठरतानाच ते ठरलं होतं. मुलगी पुढच्या वर्षी आजीकडे जाणार, तुमच्या लेकीला मोकळा संसार मिळेल, असं तिच्या वडिलांना सांगितलं होतं आणि वडिलांनी ते घरी येऊन आनंदानं सांगितलं होतं. तेव्हा तिलाही बरं वाटलं होतं. दसऱ्याच्या आधी शिवयोगीनं पोस्टकार्ड लिहून तिला वाचून दाखवलं, "गौराला घेऊन जाण्यास यावे," आणि तिनं "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती? ज्यांची पोर त्यांनी ठरवलेलं. नऊ महिन्यांपूर्वी आलेल्या बाईनं मध्ये बोलायचं ते कोणत्या तोंडानं? पोस्टकार्ड गेलं त्या दिवसापासून तिला जेवण मात्र नीट गेलं नव्हतं.

संध्याकाळी ती भाकऱ्या थापत असताना मागं आजी-नातीचं बोलणं चाललं होतं. निंगव्वानं काहीतरी विचारलं. त्यात 'मैंदर्गी' हा शब्द होता. वच्छलाचे हात परातीतच थांबले. ती त्या एका शब्दाची वाट बघत होती. पण गौरा सावकाश, लांबलचक काहीतरी म्हणाली. त्यात ओल्ले नव्हतं. एकदाही नव्हतं.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर पसरला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी वच्छला नळावरून कळशी घेऊन आली तर निंगव्वा चादरीवर बसली होती. वच्छलानं आदल्या दिवशी एका कडेनं तुकडे लावून तीन ओळी धावदोरा घातला होता. त्यातली तिसरी ओळ निंगव्वा सुईच्या टोकानं उसवत होती. वच्छलानं कळशी खाली ठेवली. म्हातारीला लेकीचं लुगडं परत हवं आहे, असं तिला वाटलं, आणि त्यात तिचं काय चुकलं, असंही वाटलं.

"टाकं मोठं घातलंय," निंगव्वा मान वर न करता म्हणाली. "पोराच्या पायाचा अंगठा अडकतो आत. ह्यापेक्षा निम्मं घालायचं."

"आमच्याकडं एवढंच घालतात. वाकळंला."

"तुमच्यात वाकळ असंल. आमच्यात कौदी म्हणतेत. बस हितं. दुसरी सुई हाय का?"

सुई होती. वच्छला समोरच्या कडेला बसली. दोघींच्या मध्ये महादेवीचं लुगडं तुकड्या-तुकड्यांनी पसरलं होतं. काही तुकड्यांवर काठाची लाल पट्टी होती, तिथं कापड अजून घट्ट होतं. शिवयोगी गौराला घेऊन तळ्याकडे, सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेला होता. जायच्या आधी देवाच्या पाया पडून येऊ, एवढंच म्हणाला होता. घरात सुईदोऱ्याचा सरसर आवाज तेवढा होता.

एक ओळ झाली. निंगव्वाचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे. वच्छलानं आपले बारीक करायचा प्रयत्न केला.

"ही पुरी व्हायला किती दिवस लागतील?" निंगव्वानं विचारलं.

"आठ दिवसांत होईल की. थंडीच्या आत होईल. झाली की ह्यांच्याबरोबर लावून देते मैंदर्गीला."

"आठ दिवस," निंगव्वा म्हणाली. तिनं दोरा ओढून घेतला. "काल पोरीला म्या विचारलं, येतीस काय माझ्यासंगं. तर म्हणती, कौदी पुरी झाली की येते. चिक्कव्वा करायलीय, ती झाली की मग येते म्हणती."

वच्छलाच्या सुईतला दोरा निसटला. तिनं तो पुन्हा ओवायला घेतला. टोक ओठांनी ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली, पण दोरा काही जाईना. तिनं सुई तशीच कापडात खुपसून ठेवली.

"मग व्हायचीच न्हाय ती," ती म्हणाली.

आपण हे बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. म्हातारी आता उठेल, पिशवी उचलेल, जावयाला बोलावील, असं काय काय तिच्या मनात येऊन गेलं. पण शब्द माघारी घ्यावेत असं मात्र वाटलं नाही.

"मला न्हाय पाठवायची तिला. मला कुणी इचारलं न्हाय, आणि मी बी बोलले न्हाय. माझा हक्क न्हाय, ठावं हाय मला. पण मला न्हाय पाठवायची."

निंगव्वा शिवत राहिली. ओळ कडेपर्यंत नेली, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मग डोळे पुसले. कापडाची धूळ डोळ्यांत गेल्यासारखे, दोन्ही हातांच्या पाठींनी.

"हे पत्रात का लिवलं न्हाय कुणी?" ती म्हणाली. "कार्ड आलं तवा म्या म्हटलं, झालं. नवी बाई आली, पोरगी नको झाली. मग रडत बसून काय करायचं? आणाया पाहिजे. पेटी घेतली आन् आले."

"नको झाली न्हाय ओ."

"ते दिसतंय की मला." रिकामी सुई उजेडाकडे धरत ती म्हणाली, "तुला म्हणून सांगते. ल्योकाच्या घरात मीच एका कोपऱ्यात हाय. सून वाईट न्हाय, पण तिची पाच लेकरं. त्यात हिला नेऊन कुटं ठिवायचं, ह्या विचारानं पंधरा दिवस झोप न्हाय बघ. न्हाय न्यावं तर महादेवी काय म्हणंल."

वच्छलानं पुढं सरकून म्हातारीच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. या वेळी पहिल्याच खेपेला गेला.

"पोरीला शब्द दिलाय म्या," निंगव्वा म्हणाली, "कौदी झाली की न्यायला येते म्हणून. तवा घाई करू नको. सावकाश कर. वरसाला दोन हात, चार हात. तिचं लगीन होईस्तोवर चालंल."

शिवयोगी गौराला घेऊन परतला तेव्हा दोघी जेवणाची तयारी करत होत्या. पेटी दाराशी तशीच होती. निंगव्वानं त्याला कानडीत चार वाक्यं सांगितली. तो ऐकत उभा राहिला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, उगीच झटकली, पुन्हा घातली.

"मला वाटलं, तुला जड होईल," तो वच्छलाला म्हणाला.

"एकदा इचारायचं की."

"व्हय," तो म्हणाला. "इचारायला पाहिजे हुतं."

दुपारी तिघं निंगव्वाला सोडायला स्टँडवर गेली. रिकाम्या पेटीत वच्छलानं शेंगाची चटणी, दोन भाकऱ्या आणि सुनेच्या लेकरांसाठी चुरमुरे घातले. अक्कलकोटची गाडी लागली. निंगव्वाला खिडकीजवळ जागा मिळाली. तिनं बाहेर हात काढून आधी गौराच्या गालावरून आणि मग, जरा थांबून, वच्छलाच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. गौरा रडली नाही. आजी संक्रांतीला पुन्हा येणार होती, कौदी कुठवर आली ते बघायला.

गाडी फाटकातून बाहेर पडून वळली आणि वच्छला शेजारच्या बाकावर मटकन बसली.

"काय झालं?" शिवयोगीनं विचारलं.

"काय न्हाय. जरा बसू द्या. भूक लागलीय."

"आत्ता तर जेवलीस."

"तरी लागलीय."

तो कोपऱ्यावरच्या गाड्यावरून कागदात बांधलेली कांदाभजी घेऊन आला. भजी गरम होती. वच्छलानं पुडा मांडीवर उघडला आणि खाऊ लागली. एक, मग दुसरं. जीभ पोळली तरी थांबली नाही. पोस्टकार्ड गेल्यापासूनची सगळी भूक आताच लागल्यासारखी ती खात होती. पुडा संपला, तळाशी तेलाचा डाग तेवढा राहिला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

तिनं मान वर केली. गौरा तिच्या गुडघ्याला रेलून रिकाम्या कागदात बघत होती.

"सगळी खाल्ली," गौरा बापाला म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

वच्छलानं तोंडाला पदर लावला. ती हसत होती, आणि हसणं काही केल्या आवरेना. शिवयोगी तिच्याकडे बघत राहिला आणि मग पुन्हा भज्यांच्या गाड्याकडे निघाला.