सहा महिन्यांचा शिक्का

गुरुवारी संध्याकाळी कर्टिसने रोंडाचा डावा हात स्वयंपाकघरातल्या खणात धरला आणि लाथ मारून खण बंद केला. एकदा मारून भागलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा. कारण काय, तर ताटातले पिरोगी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले करंजे, गार झाले होते! साखरपुड्याची अंगठी बोटात रुतून बसली, बोट वांग्यासारखं काळंनिळं झालं.

शुक्रवारी त्याला प्रेमाचा उमाळा आला. तो यायचाच. नाक फोडलं तेव्हा मायक्रोवेव्ह आला होता, बरगडी मोडली तेव्हा नायगाऱ्याची सहल झाली होती.

"पंधरा वर्षं झाली गं लग्नाला," तो म्हणाला. "हा साखरेचा कण किती दिवस मिरवणार? उद्या मॉलमध्ये जाऊ. जुनी देऊन टाकू, टपोरा हिरा घेऊ. लोकांना कळू दे कर्टिस बायकोला कसा ठेवतो ते."

लोकांना! नवऱ्यानं मारलं न् पावसानं झोडपलं तर सांगायचं कुणाला, म्हणतात. रोंडाने सांगून पाहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात कोर्टात जाऊन तिने नवऱ्याला लांब ठेवण्याचा हुकूम मागितला. न्यायाधीश सौम्य आवाजात म्हणाले, "पुरावा काय आहे, मॅडम?" फोटो नव्हता. डॉक्टरचा कागद नव्हता, कारण कर्टिस तिला दवाखान्याची पायरी चढू देत नसे. तो मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि 'तिच्या मनाला बरं नसतं हो' म्हणत डोळे पुसत होता. अर्ज फेटाळला. बरगडी त्याच दिवशी मोडली. वर तो म्हणाला होता, "पुन्हा गेलीस तर तलावाच्या बर्फाखाली सारीन. एप्रिलमध्ये बर्फ वितळेपर्यंत सापडायची नाहीस." थापा मारायची त्या मेल्याला सवय होती, पण ही थाप नाही हे रोंडाला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी दोघं मॉलमधल्या दागिन्यांच्या दुकानात गेली. काउंटरमागे नॉर्मा होती, गळ्यात साखळीला बांधलेलं भिंग. पंधरा वर्षांपूर्वी हीच अंगठी तिनेच विकली होती. दुकानाचा नियम असा, की दर सहा महिन्यांनी अंगठी आणून दाखवायची. हिरा धरून ठेवणाऱ्या चार नख्या नॉर्मा तपासणार, काय बिघडलं आणि कशाने बिघडलं ते छोट्या वहीत लिहिणार, शिक्का मारणार. एक शिक्का जरी चुकला तरी हिऱ्याची हमी संपली. आणि कर्टिसने एकही चुकवला नव्हता. बायकोची हाडं मोडली तरी चालतील, हिरा फुकट जाता कामा नये! वही तो ट्रकच्या कप्प्यात स्वतःपाशी ठेवायचा. शिक्का बसला की मिटायची, झालं. वाचायचे कष्ट कोण घेतो?

"बदलून हवी," कर्टिसने वही काउंटरवर टाकली. "एक कॅरट दाखवा. बायकोला खूश करायचंय."

नॉर्माने आधी रोंडाचं बोट पाहिलं, मग चेहरा. अंगठ्यांचा ट्रे काढून तिने कर्टिससाठी लांब, खिडकीकडच्या टोकाला ठेवला. "तिकडे उजेड चांगला आहे, बघा निवांत." तो तिकडे सरकला. मग तिने वही उघडून रोंडापुढे सरकवली.

"बदलायची तर अंगठी आणि वही, दोन्ही इथे जमा करावी लागतात, पोरी," ती हळू म्हणाली. "वही आम्ही फाडून टाकतो. आधी एकदा वाच."

रोंडाने वाचलं. नॉर्माचं अक्षर शाळेतल्या बाईंसारखं गोल होतं.

'दोन नख्या वाकल्या. बाई म्हणतात, बोट दारात चेमटलं. गळ्यावर बोटांचे वळ.'

'अंगठीचं कडं चेपलं. बाई म्हणतात, पडले. ओठ फाटलेला. नवरा शेजारी उभा, उत्तरं तोच देतो.'

'एक नखी तुटली. कोंदणात वाळलेलं रक्त. बाई काही म्हणत नाहीत.'

पानामागून पान. तारीख, सही, शिक्का. पंधरा वर्षं आपल्याकडे कुणीच पाहिलं नाही असं तिला वाटत होतं, आणि ही बाई दर सहा महिन्यांनी लिहीत बसली होती. तिला रडू आलं, आणि रडता रडता असा संताप आला की दुखरं बोटसुद्धा ती विसरली.

"ही घे!" कर्टिस एक अंगठी नाचवत आला. "काढ ती जुनी."

"नको," रोंडा म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"मला नवी नको. हीच राहू दे." तिने वही ब्लाउजमध्ये खुपसली.

चारचौघांत 'नाही' ऐकायची कर्टिसला सवय नव्हती. त्याने तिचं सुजलेलं बोट धरलं आणि अंगठी ओढायला लागला. ती निघेना. त्याने बोट पिरगाळलं, कट्कन आवाज झाला, रोंडा किंचाळली. "लाज काढतेस माझी? भिकारडे!" त्याने तिचे केस धरून तोंड काउंटरवर आपटलं. काच तडकली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा ती फुटली, आणि कपाळातून उडालेलं रक्त हिऱ्यांच्या मखमलीवर पडलं. रोंडाने हाताला लागला तो काचेचा तुकडा घेतला आणि त्याच्या मनगटात खुपसला. तो बैलासारखा ओरडला. त्याच क्षणी नॉर्माने पायाखालचं बटण दाबलं. घंटा घणघणली, दारावरची लोखंडी जाळी धाडकन खाली आली. चोर कोंडायची ती जाळी. कर्टिस तिला लाथा मारत राहिला, तोवर मॉलचे दोन रखवालदार मागच्या दाराने येऊन त्याच्या पाठीवर बसले.

"माझी बायको आहे ती!" फरशीला गाल चिकटवून तो बोंबलत होता. "अंगठी माझ्या पैशाची आहे!"

नॉर्माने रोंडाला खुर्चीवर बसवलं, कपाळाला रुमाल दाबून धरायला दिला. बोट पांढरं पडत चाललं होतं. तिने बारीक करवत आणून अंगठी कापली. कडं दोन ठिकाणी तुटून सुटलं, आणि रोंडाने पहिल्यांदा पुरता श्वास घेतला.

बाहेर पोलिसांची गाडी थांबली. रोंडाने ब्लाउजमधून वही काढली. रक्ताने कोपरा भिजला होता.

"बाई, या खेपेची तपासणी राहिली," ती म्हणाली.

नॉर्माने डोळ्याला भिंग लावलं. अक्षर नेहमीसारखं गोलच आलं.

'कडं करवतीने कापलं. चारही नख्या वाकल्या, हिरा जागेवर. बोट मोडलेलं, कपाळ फुटलेलं. कारण: नवरा. माझ्या डोळ्यांदेखत.'

तिने तारीख घातली, सही केली आणि शिक्का मारला.