चिमट्याने धरलेला उंदीर

मी एक जुना, लांब दांड्याचा चिमटा आहे. मित्रांनो, माझी पहिली वर्षं सौदी अरेबियातल्या जेद्दा शहराच्या शराफिया वस्तीत गेली, एका खानावळीच्या निखाऱ्यांवर. तिथले आचारी यूनुसभाई मलाच हातात धरून कबाब उलटत. माझं एक टोक वाकलं, तेव्हा त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या मुलीने, उझमाने, केशरी ठिपक्यांचा बिनविषारी साप पाळला होता. त्याला भरवायला तिला मी हवा होतो.

उझमा फार काटेकोर. दुकानातून गोठवलेले उंदीर आणायची, सापाच्या पोटाहून जाड नसलेलेच निवडायची, कोमट पाण्यात पूर्ण वितळवायची.

"जिवंत उंदीर सापालाच चावतो, अब्बा," ती सांगायची. चार वर्षं तिने मला धुऊन-पुसून वेगळ्या खिळ्याला अडकवलं.

यंदा ईदच्या सुट्टीत दुकान बंद राहिलं. साप आपल्या पेटीच्या काचेला नाक घासत फिरू लागला. उझमा रडवेली झाली. ते यूनुसभाईंना पाहवेना. एका दुपारी त्यांनी खानावळीच्या गोदामातून कागदात गुंडाळून मेलेला उंदीर आणला.

"हा मेला कसा?" उझमाने विचारलं.

"कोपऱ्यात पडलेला. ताजा आहे, बर्फातल्यापेक्षा बरा."

तिने कागद उघडून उंदीर निरखला. मग तिने मला उचललं. मित्रांनो, तो उंदीर मीच सापापुढे धरला. त्याने तो विश्वासाने घेतला.

तिसऱ्या दिवशी सापाला मान उचलता येईना. दोघं त्याला दवाखान्यात घेऊन गेली. ज्या पिशवीत त्याला घातलं, तिच्यातच मीही होतो. डॉक्टरांनी आधी उंदीर कुठला ते विचारलं. यूनुसभाईंनी गोदाम सांभाळणाऱ्या नागेशला फोन लावला. त्याने सांगितलं, तिथे आठवड्यापूर्वीच उंदरांचं विष टाकलं होतं.

"दोन-तीन आठवडे उपाशी राहिला असता, तरी जगला असता," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी साप गेला. यूनुसभाईंनी त्याला इमारतीमागच्या वाळूत पुरलं आणि ते येऊन उझमासमोर बसले.

"मला वाटलं, तुझं रडणं थांबेल."

"मी विचारलं होतं, अब्बा," उझमा म्हणाली. "पण एकदाच विचारलं."

आता मी ओट्याखाली गंजतो आहे. मित्रांनो, जो तुमच्या हातून खातो, त्याला घासाची चौकशी करता येत नाही. ती तुम्ही करा. उत्तर अर्धवट वाटलं, तर पुन्हा विचारा. तरीही खात्री पटली नाही, तर त्या दिवशी त्याला उपाशी ठेवा.