आतला टीव्ही

"पासवर्ड परत सांग गं," आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला.

मावशींनी पेडलवरचा पाय उचलला. शिलाई मशिनची मोटर घरघरत थांबली. "अहो, चौथ्यांदा सांगतेय. लेकीचं लाडाचं नाव आणि पुढे तिचं जन्मसाल."

"साल कुठलं तिचं?"

"घ्या. तेही मीच सांगायचं. तेव्हा दवाखान्याबाहेर फेऱ्या कोण मारत होतं?"

मशिनवर ठेवलेल्या फोनमधून लेक हसली. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि गेला पाऊण तास फोनवरूनच आईबापांचा टीव्ही जोडून देत होती. "असू दे आई. बाबांना माझा वाढदिवस कधी आठवलाय?"

हा सगळा खटाटोप मशिनच्या मोटरीपायी चालला होता. गल्लीत त्यांना चेनवाल्या मावशी म्हणत. पँटची चेन, बॅगेची चेन, जाकिटाची चेन. अडकलेली असो नाहीतर दात पडलेली, मावशी ती एकदा डोळ्यांजवळ नेत आणि "उद्या या" म्हणून मोकळ्या होत. बाहेरच्या खोलीत मशीन आणि टीव्ही समोरासमोर. त्या टीप मारायला बसल्या की काकांना टीव्हीतलं एक अक्षर ऐकू येत नसे. त्यावरून दोघांची वर्षानुवर्षं धुसफूस चाललेली. शेवटी लेकीनं आपला जुना टीव्ही पाठवून दिला आणि सोबत बोटाएवढी एक काडी. ती टीव्हीच्या पाठीत खुपसायची, घरातल्या वाय-फायला जोडायची, की बाहेरच्या टीव्हीवर जे कार्यक्रम लागतात ते आतही लावता येणार. वायर ओढायला नको, भिंतीला भोक पाडायला नको.

काकांना नेमकं तेच खटकत होतं. मोठ्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं वायरमन असलेला माणूस. चार मजल्यांवरची एकेक वायर त्यांच्या हाताखालून गेलेली.

"वायरच नाही, म्हणजे तुटलं तर शोधायचं कुठून?" स्टुलावर उभं राहून त्यांनी विचारलं.

"तुटत नाही बाबा त्यात काही."

"सगळं तुटतं."

तेवढ्यात चित्र आलं. काका स्टुलावरून उतरले, टीव्हीच्या मागे हात घालून पुन्हा एकदा चाचपून आले आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता पलंगावर बसले. ते खूश आहेत हे मावशींनी त्यांच्या पाठीवरून ओळखलं.

"आई, कार्यक्रमांच्या त्या ॲपात तुमची दोघांची वेगवेगळी नावं टाकून घ्या," लेक म्हणाली. "म्हणजे तुझं तुला, बाबांचं बाबांना."

"आता या वयात टीव्हीत वेगळी चूल मांडू का?"

"बरं बाई. चालू दे माझ्याच नावावर."

तर असं तिघांचं एकत्र कुटुंब त्या टीव्हीत नांदायला लागलं. टीव्ही लावला की वरच्या ओळीत अर्धवट राहिलेल्या कार्यक्रमांची चित्रं येत आणि प्रत्येक चित्राखाली एक तांबडी रेघ. जितकं पाहून झालं तितकी ती रेघ लांब. दोन्ही टीव्हींवर आणि लेकीकडेही ओळ एकच. मावशींना पहिले काही दिवस याची भारी गंमत वाटली. काका चार वाजता ड्यूटीवरून येत, चहा घेत आणि आत जाऊन समुद्रावरच्या खुनाची एक परदेशी मालिका लावत. सव्वापाचला मावशी भाजी निवडायला हाक मारत. रेघ पाऊण चित्र ओलांडून थांबलेली असे. नवरा आत बसून कुठवर पोचला ते बाहेर शिलाई करता करता कळतं, हे सुख त्यांना संसारात प्रथमच मिळालं होतं.

आठवडाभरानं त्यांच्या लक्षात आलं की रेघ पाऊण चित्रावरच आहे. चित्रही तेच, दीपस्तंभाचं. खाली लिहिलेलं, भाग पहिला.

बघितलं असेल परत, त्यांनी मनाशी म्हटलं. खुनाच्या मालिका एका दमात कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटर बंद करून हातानं काजं केली. आत काकांनी भाग पहिल्यापासून लावला, समुद्राचा आवाज आला, पक्षी ओरडले, सुरुवातीचं संगीत वाजलं. त्याच्या पुढच्या दिवशीही पक्षी ओरडले. मग मावशी मांडीवर एक जाकीट घेऊन, जणू उजेडासाठी आल्यासारख्या, आत जाऊन बसल्या.

"हा दिवेवाला बघ," काका पुढे झुकून म्हणाले. "हा दिसतो तितका साधा नाही. मी आत्ताच सांगून ठेवतो."

"हो का," मावशी म्हणाल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. काका पुन्हा पुढे झुकले. "हा दिवेवाला बघ. दिसतो तितका साधा नाही."

चेहऱ्यावर तीच चोराला पकडल्याची खुशी. मावशींनी जाकिटाच्या बाहीत सुई खुपसली ती आपल्याच बोटात.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "आई, बाबा सारखा तोच भाग का बघतात? माझ्या इथे दिसतं ना."

"डोळा लागतो त्यांचा," मावशी पटकन म्हणाल्या. "ड्यूटीवरून दमून येतात. दहा मिनिटांत घोरायला लागतात."

"एवढंच ना?"

"मग आणखी काय असणार?"

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ रिमोट हातात धरून बसल्या. आयुष्यभर लोकांचं फाटलेलं न दिसेल असं शिवून द्यायचं, हाच त्यांचा धंदा. हातांना दुसरं काही सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, काका हॉस्पिटलात असताना, त्यांनी बाहेरच्या टीव्हीवर ती मालिका लावली, दुसरा भाग काढला आणि बटण दाबून धरून रेघ शेवटापर्यंत ओढत नेली. दोन दिवसांनी तिसरा भाग. मग चौथा. एकदा तर जेवण तसंच टाकून त्यांनी पाचवा भाग उरकला. लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबांनी बराच पल्ला गाठला की." मावशी म्हणाल्या, "मग. आता डोळा लागत नाही त्यांचा."

त्याच आठवड्यात काका आत बसेनासे झाले. चहाचा कप घेऊन बाहेर येत, मशिनजवळच्या खुर्चीवर बसत आणि मावशींचं जे काही लागलेलं असे ते बघत राहत. मोटर कितीही घरघरली तरी चकार शब्द नाही.

"आत नाही का लावत?"

"नको वाटतं."

कंटाळले असतील, असं मावशींनी ठरवून टाकलं. खरं तर त्यांना बरंच वाटलं. रेघा ओढण्याचं एक काम कमी झालं.

मग एका दुपारी हॉस्पिटलातला पंपवाला आला. पाण्याच्या टाक्या भरणं, पंप चालवणं हे त्याचं काम. काकांचा वीस वर्षांचा सोबती. हातात बॅग होती. मावशींनी तिची चेन पुढेमागे करून पाहिली.

"हिला काय झालंय भाऊजी? छान चालतेय."

"चालतेच आहे," पंपवाला म्हणाला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला. "वहिनी, तो ड्यूटीवर असताना तुमच्याशी बोलायचं होतं."

मावशींनी बॅग खाली ठेवली.

"त्याची रीत तुम्हाला माहिती आहे. आधी त्या लाईनचा फ्यूज काढणार, शर्टाच्या खिशात टाकणार, मगच वायरीला हात लावणार. फ्यूज खिशात असला की मागून येऊन कुणाला लाईन चालू करता येत नाही. शनिवारी दुसऱ्या मजल्यावर काम होतं. फ्यूज खिशात होता. पण शेजारच्या लाईनचा. ज्या लाईनला हात घातला ती चालू होती."

मावशी मशिनवरून उठून त्याच्यासमोर आल्या.

"पक्कडीला रबर होतं म्हणून वाचला. टोक वितळून गेलं तिचं. आणि जो फ्यूज काढला तो आजाऱ्यांच्या खोल्यांचा. तिथली यंत्रं वीस मिनिटं बॅटरीवर चालली."

"टेस्टर लावून बघितलं नाही त्यांनी?"

"लावला म्हणाला." पंपवाला जमिनीकडे बघत होता. "वहिनी, आठ महिने झाले. त्याच्या पुढे जाऊन लाईन मीच बघून येतो, त्याला कळू न देता. शनिवारी माझा पंप बिघडला होता, मी खाली अडकलो. वरच्या कुणाला सांगायला जीभ रेटत नाही माझी. एकतीस वर्षांत त्याच्या हातून एक बल्बसुद्धा चुकीचा लागलेला नाही."

"म्हणजे तुम्हीही शिवतच होतात," मावशी म्हणाल्या. पंपवाल्याला ते कळलं नाही, आणि त्याही समजावत बसल्या नाहीत.

काका चारला आले. मावशींनी मशिनवर कापड टाकलं, दोन कप चहा घेऊन त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि पलंगावर शेजारी बसल्या.

"काय गं, काय झालं?"

"तुमच्या त्या समुद्राच्या मालिकेचा पहिला भाग तुम्ही बारा-पंधरा वेळा तरी बघितलाय," मावशी म्हणाल्या. "पुढचे भाग मी दुपारी सरकवत होते. लेकीच्या लक्षात येऊ नये म्हणून."

काकांनी कप खाली ठेवला. बंद टीव्हीकडे बघत राहिले.

"म्हणजे सहावा भाग तू काढलास?"

"हो."

"मी टीव्ही लावला तर सहावा भाग समोर आला. मला वाटलं, मीच पाहिले. पाच भाग पाहिले आणि पाचही गेले. किती आठवून पाहिलं, एक माणूस आठवेना. घाम फुटला मला. त्या दिवसापासून लावलाच नाही."

इतके दिवस त्या ज्याला ठिगळ समजत होत्या त्यानंच हा माणूस एकटा आत बसून घाबरला होता.

"मला विचारायचं होतं."

"काय विचारायचं? माझं काय काय गेलंय, असं?"

बाहेर कुणीतरी "मावशी, चेन झाली का" म्हणून हाक मारली. दोघंही जागचे हलले नाहीत. हाक थांबली.

"फक्त पहिलाच पाहिलाय ना मी?" काकांनी विचारलं.

"फक्त पहिलाच."

"मग चार भाग परत मिळाले म्हणायचे." ते थोडं हसले. मग हसू ओसरलं. "आज हे काढलंस म्हणजे पक्कडीचंही कळलंय तुला. कुणी सांगितलं? पंपवाल्यानं?"

"हो."

"माझ्या हाताचं सोड. हात गेला तर माझा गेला. त्या खोल्यांत कुणाचा श्वास यंत्रावर असतो गं."

लेकीला फोन काकांनीच केला. मावशी ओट्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. "रडू नकोस," ते म्हणत होते, "अजून तुझं नाव येतंय मला. साल तेवढं आईला विचार."

सकाळी मावशी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेल्या. काकांनी घरूनच अर्ज लिहून आणला होता, मोकळ्या अक्षरात, दोनच ओळी: मला यापुढे विजेच्या कामावर ठेवू नये, माझ्या लक्षात राहत नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण आता तिथला साहेब होता. त्यानं अर्ज वाचून उलटा ठेवला.

"काका, निवृत्तीला सहा महिने राहिलेत तुमच्या. रजा टाका, आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. हे असं लेखी कशाला?"

"डॉक्टरांनाही दाखवतो. पण लेखीच ठेव," काका म्हणाले. "उद्या मी येऊन म्हणेन की मी ठणठणीत आहे, मला शिडी द्या. तेव्हा हा कागद मला दाखव."

साहेबानं कागद सुलटा केला आणि सही केली.

काकांनी एकच मागणं केलं. इमारतीला इतक्या वेळा खोल्या जोडल्या होत्या की नकाशातल्या वायरी आणि भिंतीतल्या वायरी यांचा मेळ केव्हाच सुटला होता. खरा नकाशा काकांच्या डोक्यात होता. तो आजच्या आज उतरवून घ्या, ते म्हणाले. पंपवाल्यानं वही आणली. वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. काका एकेका बोर्डासमोर उभे राहत आणि कशालाही हात न लावता, दोन्ही हात पाठीमागे बांधून सांगत. "डावीकडून चौथा, बाळंतिणींची खोली. हा सांगितल्याशिवाय कधी उतरवायचा नाही. त्याच्या खालचा, जिना. पाचवा लिहिलाय एक्स-रे, पण जातो औषधांच्या फ्रिजला. मीच वळवला होता, पूर आला त्या वर्षी." कुठं अडखळणं नाही की डोकं खाजवणं नाही. मावशी पाण्याची बाटली घेऊन मागून चालत होत्या. एकतीस वर्षं हा माणूस दिवसभर काय करतो ते त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

चार मजले व्हायला दुपार उलटली. शेवटचा बोर्ड तळघरात, धुलाईखान्याच्या मागे होता. अकरा स्विच. काकांनी दहा सांगितले. अकरावा एका कोपऱ्यात होता, वर काही लिहिलेलं नाही.

"हा?" पंपवाल्यानं विचारलं.

काका बघत राहिले. पलीकडे कपडे धुण्याचं मोठं यंत्र फिरत होतं. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. ते पुन्हा पहिल्या स्विचपासून मोजत अकराव्यापर्यंत आले. पंपवाल्यानं तोंड उघडलं, मावशींनी त्याच्या हाताला नुसतं बोट लावलं. तो गप्प राहिला.

यंत्र फिरायचं थांबलं, दुसऱ्या दिशेनं फिरायला लागलं.

"लिही," काका म्हणाले. आवाज बाकीच्या दहांच्या वेळी होता तसाच. "अकरावा. माहीत नाही. तपासल्याशिवाय हात लावू नये."

पंपवाल्यानं जसं सांगितलं तसं लिहिलं. काकांनी वही मागून घेतली, ती ओळ वाचली आणि खाली आपली सही केली.