पालथ्या ताटावरची अक्षरं

"हाऊ चहा रोज खाले खाले जाई ऱ्हायना," लोटू कपात डोकावून पुटपुटला. "दूध महाग व्हयनं, का आपला भाव उतरना?"

शेजारीच पोळ्या लाटणाऱ्या कलाबाईनं ते ऐकलं आणि लाटणं उगाच जोरात फिरवलं. कप ती मुद्दामच अर्धा भरायची. पूर्ण भरला की चहा आधी बशीत आणि मग लेंग्यावर. हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. संसार असाच चालतो.

लोटू भांड्यांवर नावं घालायचा. गुजराती मुलखातल्या भेस्तानच्या बाजारात सुकदेवच्या भांड्यांच्या दुकानापुढे, स्टुलावर बसून. खान्देशातून पोट भरायला आलेली माणसं लग्नाचं ताट घेतलं की आधी पालथं करून त्याचं अक्षर बघत, मग ताट. हल्ली मात्र सुकदेव म्हणायचा, "दादा, उन्हात कशाला बसता," आणि पावसाळ्यातही तेच म्हणायचा.

म्हणून लेकीनं, उज्ज्वलानं, मशीन उभं केलं होतं. साड्यांच्या डिझाइनच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसायची. ऑफिसनं टाकून दिलेला प्लॉटर तिनं रिक्षातून घरी आणला. टेबलासारखं मशीन, त्यावर सरकणारा हात, हातात पेन. पेन काढून तिनं हिऱ्याच्या टोकाची सुई बसवली. कॉम्प्युटरनं 'अमुक ठिकाणी, एवढ्या आकारात हे लिही' म्हटलं की मशीनला समजेल असं फोडून सांगायला मधे कुणी तरी लागतं. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो तिनं स्वतः लिहिला होता.

रेघ जमली, गोल जमला, ताटाच्या मधोमध कमळही उमललं. अडलं ते अक्षरांपाशी. मशीनच्या पोटात अक्षरं होती, पण सगळी इंग्रजी. मराठी हवं तर ड्रायव्हरनंच सुई टेकव, ओढ, उचल असं करत एकेक अक्षर काढायचं.

"मग अक्षरं माझीच घे ना," लोटू म्हणाला होता. एका रविवारी ऑफिसात जाऊन, डिझाइन गिरवायच्या पाटीवर त्यानं तिथल्या पेननं अख्खी बाराखडी लिहिली. पेन जिथून जिथून गेलं तो ठिपका न् ठिपका पाटीनं टिपला.

पहिल्या खेपेला अक्षरं भांडण झालेल्या जावांसारखी लांब लांब बसली, कारण कुणाला किती जागा लागते हे ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. ते उज्ज्वलानं सुधारलं. आज घरातल्या जुन्या ताटावर 'चि. सौ. कां. रुक्मिणीस मामाकडून' उमटलं. शिरोरेघ अखंड, पण खाली सगळी अक्षरं हीव भरल्यासारखी कुडकुडत होती.

"व्होल्टेज," सुकदेव म्हणाला. लग्नाची नवी ताटं घेऊन तो दारातच उभा होता. "आमच्या एरियात लाइटचं असंच छे."

"उंदरानं वायर कुरतडली असेल," कलाबाई म्हणाली.

"तुझा तो ड्रायव्हर पिऊन चालवतो," लोटू म्हणाला. "उतरव त्याला."

उज्ज्वलानं त्याच ताटाच्या कडेला मशीनची इंग्रजी अक्षरं काढली. ती परेडला उभ्या पोलिसांसारखी सरळ आली. कमळ काढलं, तेही गुळगुळीत. सुकदेव पंख्याकडे बघू लागला.

उज्ज्वला पाणी प्यायच्या निमित्तानं आईजवळ आली. "मला सरळ करता येतं गं," ती हळूच म्हणाली. "हलणारे ठिपके गाळायचे, वळण तेच ठेवायचं. पण बाबा विचारतील ना, हलणारे ठिपके आले कुठून."

"मग?"

"मग काय. तूच सांग."

"मी? मी पोळ्या करतेय."

बाहेर सुकदेव घसा खाकरत होता. "दादा, ताटं उद्या पलसाण्याला पोचली पाहिजेत. नाहीतर या वेळेपुरतं त्या स्टेशनजवळ नावं घालणाऱ्या पोराकडून..."

"त्याच्याकडून कशाला?" लोटू उठला. फळीवरून त्यानं आपलं हातानं नाव घालायचं यंत्र काढलं, नवं कोरं ताट मांडीवर पालथं घेतलं. "इतकी वर्षं काय मशीन होतं? मीच घालतो."

स्टीलवर खोडरबर चालत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उज्ज्वलानं आईकडे पाहिलं. सुकदेवनं पंखा सोडून चपलेकडे पाहिलं. सुई भुणभुणत ताटाकडे निघाली आणि वाटेतच आडवीतिडवी नाचू लागली.

कलाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले, पुढे झाली आणि त्याचं मनगट धरलं. तिच्या मुठीत ते पाखरासारखं फडफडत होतं. यंत्राचं बटण तिनंच बंद केलं.

"मशीनले काहीच व्हयेल नही," ती म्हणाली. "हात तुमना थरथरस. म्हनीसन तं मी कप अर्धा देस. अक्षर तुमनंच ऱ्हावू द्या, थरथर तेवढी आपली पोरले काढू द्या."